मुलांमधलं नैराश्य: प्रकार कसे ओळखायचे आणि गोव्यात कुठे जायचं

मुलाच्या मनाचं काय बिनसलंय हे समजून घ्यायला लागणारी पहिली वस्तू घरात भिंतीवरच टांगलेली असते: कालनिर्णय. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, ‘कधीपासून?’ आणि बहुतेक आईवडील एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. ‘परीक्षेपासून असेल.’ ‘छे, चतुर्थीच्या आधीपासूनच.’ ‘मे महिन्यात मामाकडे होता तेव्हा तर बरा होता की!’ नैराश्याचे प्रकार वेगळे करताना या तारखाच जास्त कामाला येतात. लक्षणं बरीचशी सारखी दिसतात. ती किती दिवस टिकली, मधे ओसरली का, कशाच्या मागोमाग आली, यावरून प्रकार ठरतो.

लेख वाचून घरी निदान करू नका, ते मनोविकारतज्ज्ञाचं काम. आपण नेमकं बघायचं आणि वेळेवर उठून जायचं. मूल मरणाच्या गोष्टी बोलत असेल किंवा स्वतःला इजा करून घेत असेल, तर मधलं सगळं सोडून ‘सरळ विचारा’ हा भाग आधी वाचा.

आधी बदल टिपा

नैराश्य म्हटलं की उतरलेला चेहरा आणि रडणं डोळ्यांसमोर येतं. मुलांमध्ये ते पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात येतं. डीएसएम-५ या २०१३च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत मुलांसाठी तशी सोयच आहे: उदासीच्या जागी चिडका मूड असला तरी तो धरला जातो. वजन घटलं नसलं, पण वयाप्रमाणे वाढायला हवं तेवढं वाढलं नाही, तर तेही लक्षण मानतात. घरात मात्र अशा मुलावर ‘उद्धट झालाय’, ‘मोबाईलने बिघडवलं’ असे शिक्के बसतात. माझ्या मते सगळ्यात उशिरा मदत मिळते ती दोन टोकांच्या मुलांना. एक हा तापट, आणि दुसरी ती गुणी, शांत मुलगी, जिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नसते.

वयाप्रमाणे रूप बदलतं. चार-पाच वर्षांचं मूल ‘मला उदास वाटतं’ असं म्हणणार नाही. ते खेळणं सोडून आईच्या पदराला चिकटतं, बाहुलीला सारखं आजारी पाडतं किंवा पुरून टाकतं. प्राथमिकच्या वयात पोट दुखतं, डोकं दुखतं, तेही शाळेच्या सकाळी. ‘मी ढ आहे’, ‘मी कोणाला नको’ अशी वाक्यं सुरू होतात. तेरा-चौदाच्या पुढे खोलीचं दार बंद, रात्रभर जाग आणि सकाळी उठवत नाही, मित्र तुटलेले, ‘कशाला काय अर्थ आहे?’ असा सूर. वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांच्यातलं प्रमाण साधारण सारखं असतं. त्यानंतर मुलींमध्ये ते जवळजवळ दुप्पट होतं.

बदल शोधायचा तो त्या मुलाच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याशी ताडून. शेजारच्या मुलाशी तुलना नको. दरवर्षी काकाबरोबर रानात जाऊन गणपतीच्या माटोळीसाठी (मूर्तीवर बांधायच्या फळापानांच्या चौकटीसाठी) कांगलांसारखी रानफळं आणि सुपारीची शिपटी आणणारा, आरतीला घुमट हे मातीचं वाद्य आपल्याच हातात पाहिजे म्हणून भांडणारा मुलगा यंदा खोलीतच बसून राहिला. बोलावल्यावर आला, घुमट मांडीवर घेतलं, दोन थापा मारल्या आणि चुलतभावाकडे सरकवून दिलं. घरचे म्हणाले, ‘मोठा झाला, लाजतो.’ लाजणारा मुलगा दुसरीकडे कुठेतरी रमतो: क्रिकेटमध्ये, मित्रांत, गाण्यांत. हा कुठेच रमत नव्हता. आवडीच्या एकूण एक गोष्टींतला रस आटणं हे उदासीइतकंच महत्त्वाचं लक्षण आहे, आणि सणावाराला ते चटकन दिसतं.

आता कालनिर्णय. रोज रात्री तारखेच्या चौकोनात चार खुणा करा: दिवस कसा गेला (बरा, मधला, वाईट), झोप, जेवण, शाळा. सोबत एखादा शब्द लिहिला तरी पुरे, म्हणजे ‘पोटदुखी’, ‘भांडण’, ‘हसला’. मुलासमोर वही घेऊन बसू नका, ती पोलिसी वाटते. दोन आठवड्यांत चित्र दिसू लागतं. फक्त शाळेच्या दिवशी वाईट आणि रविवारी बरा असेल तर धागा शाळेकडे जातो. रविवार, सुट्टी, जत्रा सगळंच सारखं फिकं असेल तर तो वेगळा मामला.

चित्र कुठल्या प्रकाराशी जुळतं?

*मोठं नैराश्य.* डॉक्टर याला मेजर डिप्रेशन म्हणतात. उदास किंवा चिडका मूड, रस नाहीसा होणं, भूक किंवा वजनात फरक, झोप बिघडणं, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, थकवा, आपण कवडीमोल आहोत असं वाटणं किंवा अपराधीपणा, लक्ष न लागणं, मरणाचे विचार: या नऊपैकी निदान पाच, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज. पहिल्या दोनपैकी एक असायलाच हवं. आणि त्यामुळे शाळा, घर किंवा मैत्री यांतलं काहीतरी अडलेलं असावं लागतं. कानात आवाज येतात, कोणीतरी आपल्याला शिव्या देतंय असं मूल सांगत असेल, तर तो तीव्र प्रकार आहे. त्यात वाट बघायची नसते.

*रेंगाळणारं नैराश्य.* जुनं नाव डिस्थायमिया. तीव्रता कमी, मुक्काम लांब. मोठ्यांसाठी दोन वर्षांची अट आहे, मुलांसाठी एक वर्षाची, आणि त्या वर्षात सलग दोन महिने बरे गेले असं झालेलं नसतं. हे ओळखायला सगळ्यात अवघड, कारण वर्षभरात घरच्यांना त्याची सवय होते. ‘तिचा स्वभावच तसा, लहानपणापासून गंभीर.’ मुलगी शाळेत जाते, मार्क आणते, घरकामाला हात लावते, फक्त कधी मोकळी हसत नाही. विचारलं तर ती स्वतःच सांगेल, ‘मी अशीच आहे.’ इथे जुने फोटो बाहेर काढा. दोन वर्षांपूर्वीच्या शिगम्याच्या फोटोत ती कशी होती? याच संथ उदासीवर कधी कधी मोठ्या नैराश्याचा झटका येऊन बसतो. तो ओसरला की ‘झाली बरी’ म्हणून उपचार थांबवतात आणि खालचं जुनं दुखणं तसंच राहतं.

*प्रसंगामागून येणारं.* एखाद्या ताणानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू होतं आणि ताण व त्याचे परिणाम सरले की साधारण सहा महिन्यांत ओसरतं. याला समायोजनाचा विकार म्हणतात. गोव्यातल्या मराठी घरांत याचं एक ठरलेलं वळण आहे: पाचवी. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याकडे चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकलेलं मूल पाचवीत इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जातं. गावच्या शाळेत वर्गात आठ-दहा मुलं, बाईंना आजीचंसुद्धा नाव ठाऊक. इथे वर्गात चाळीस, विज्ञान इंग्रजीत, आणि कदंबच्या बसने तालुक्याला जाणं. कालपर्यंत कविता म्हणायला पुढे येणारं मूल महिन्याभरात मागच्या बाकावर मुकं होतं. दुसरी कारणंही इथलीच आहेत: बाबा बोटीवर किंवा आखातात, वर्षातले बरेच महिने घरी नाहीत, घरात दारू, आजी गेली, खाण बंद पडली आणि ट्रकचे हप्ते थकले. मुलाला हप्त्याचा हिशेब कळत नाही, आवाज चढलेला मात्र कळतो.

या प्रकारात एक सावधगिरी. वागणं एकाएकी पालटलं, मूल ठरावीक माणसाला किंवा जागेला टाळू लागलं, तर लैंगिक अत्याचाराची शक्यता मनात धरा, माणूस कितीही जवळचा असो. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक १०९८.

*सततची चिडखोरी आणि उद्रेक.* हाही २०१३ पासून नैराश्याच्या गटात घेतलेला प्रकार आहे, डॉक्टर त्याला डीएमडीडी म्हणतात. कारणाच्या मानाने फारच मोठा संताप, आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, आणि मधल्या काळातही मूल धुमसतंच. असं किमान वर्षभर, घर, शाळा, मित्र यांपैकी किमान दोन ठिकाणी. सुरुवात दहा वर्षांच्या आधी झालेली असते आणि सहा वर्षांच्या आत हे निदान करत नाहीत. फक्त आईशीच भांडणारं आणि शाळेत शहाण्यासारखं वागणारं मूल यात बसत नाही.

*दोन टोकांचं.* उदासी आहे, पण मधेच काही दिवस असे येतात की मूल तीन-चार तासच झोपतं आणि तरी थकत नाही, अखंड बोलतं, अचाट बेत करतं, पैसे उडवतं. अशा वेळी बायपोलर विकाराचा विचार करावा लागतो. घराण्यात कोणाला तो असेल तर न विचारता सांगा, लाज बाळगू नका. अशा मुलाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर कधी कधी ते दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं.

वयात आलेल्या मुलींमध्ये पाळीच्या आधीचा आठवडा फारच वाईट आणि पाळी सुरू झाली की आभाळ मोकळं, असं महिन्यामागून महिना दिसलं तर तेही लिहून ठेवा. त्याचा वेगळा प्रकार आहे.

दोन डॉक्टरांनी दोन नावं लिहिली म्हणून गांगरू नका. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी सगळंच डीएसएमसारखं धरत नाही. उदाहरणार्थ, डीएमडीडी हा स्वतंत्र विकार तिथे नाहीच. नावापेक्षा उपचार कोणता आणि पुढची तारीख कधी, हे विचारा.

शरीर तपासून घ्या

थायरॉईड कमी पडणं, रक्त कमी असणं आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता या तिन्हींत मूल मलूल, लक्ष न लागणारं, चिडकं दिसू शकतं. साध्या रक्ततपासणीत ते कळतं, तेव्हा नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे आधी जा. फिटवरची काही औषधं आणि स्टेरॉइड यांनीही मूड बदलतो, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. आणि वाचन-लेखन जमत नसलेलं, कधीच न तपासलेलं मूल रोज वर्गात हरत असतं. त्याच्या उदासीचं मूळ डिस्लेक्सियात असू शकतं. चिंतेचा विकारही पुष्कळदा आधी येतो आणि नैराश्य त्याच्या पाठोपाठ.

दिष्ट काढणं, देवाला कौल लावणं यावरून घरात वाद घालू नका. आजीला काढू दे दिष्ट, मुलाला तिचा हात फिरलेला बरंच वाटेल. फक्त त्यासाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलायची नाही, एवढं ठरवा.

सरळ विचारा

मरणाबद्दल विचारलं तर मुलाच्या डोक्यात ते भरवल्यासारखं होईल, ही भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला असते. विचारल्याने धोका वाढत नाही. उलट इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं मूल उतरवतं. दुपारची वेळ चांगली. गोव्यातल्या बहुतेक शाळा दीडच्या सुमारास सुटतात, जेवणं होतात, घर वामकुक्षीला लागतं. स्कूटरवर किंवा भांडी पुसताना बोलणं समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं.

‘तू हल्ली खूप त्रासात दिसतोस. कधी असं वाटतं का की आपण नसतो तर बरं?’ उत्तर हो आलं, तर पुढे: ‘जीव द्यायचा विचार येतो? कसं करायचं ते ठरवलंयस का?’ आवाज शांत ठेवा. मूल कोकणीत सांगेल, मराठीत सांगेल, नुसती मान हलवेल. ‘देवाने काय कमी दिलंय तुला’, ‘आमचा विचार केलास का’ ही दोन वाक्यं गिळून टाका. ‘सांगितलंस ते बरं झालं, आता आपण दोघं मिळून बघू’ एवढं पुरतं. ‘कुणाला सांगू नको’ असं वचन मात्र देऊ नका.

विचार स्पष्ट असतील तर मुलाला एकटं सोडायचं नाही. गोळ्या, बागायतीची औषधं कुलपात. त्याच दिवशी इस्पितळ. रात्र असेल तर १०८ किंवा ११२. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही.

गोव्यात कुठे जायचं

सरकारी मुख्य ठिकाण म्हणजे बांबोळीचं मनोविकार आणि मानवी वर्तन संस्थान, गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, जवळच. सगळे आयपीएचबी म्हणतात. गावात त्याला ‘पिश्यांचं इस्पितळ’ म्हणतात आणि तिथे कोणी पाहिलं तर काय, या धास्तीने माणसं महिने घालवतात. ओपीडीच्या बाकावर बसून पाहा: परीक्षेचा ताण असलेली मुलं, झोप उडालेले दुकानदार, आजोबांना घेऊन आलेल्या सुना. या संस्थेचं मूळ पणजीच्या आल्तिनोवरचं आबे फारियाच्या नावाचं इस्पितळ. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला आणि संमोहनाचं मर्म माणसाच्या स्वतःच्या मनात आहे असं पॅरिसमध्ये सांगणारा तो हा गोंयकार. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा आहे.

बांबोळी लांब पडत असेल तर म्हापशाचं आझिलो किंवा मडगावचं हॉस्पिसियो या जिल्हा इस्पितळांत मानसोपचाराची चौकशी करा. पर्वरीची ‘संगात’ ही संस्था १९९६ पासून मुलांच्या विकासावर आणि मानसिक आरोग्यावर काम करते. शाळेत समुपदेशक येत असतील तर पहिली पायरी तिथूनही चढता येते, फक्त समुपदेशक औषध लिहून देऊ शकत नाही हे लक्षात असू द्या.

नेताना कालनिर्णयाचं पान, प्रगतिपुस्तक, रक्ताचे अहवाल आणि घराण्यातल्या मानसिक आजारांची माहिती बरोबर घ्या. मुलाला खोटं सांगून नेऊ नका. ‘डोळे तपासायला जाऊ’ म्हणून नेलेलं मूल पुढच्या खेपेला गाडीत बसणार नाही. ‘तुला झोप लागत नाही, चिडचिड होते, त्यावर मदत करणारे डॉक्टर आहेत’ असं सांगा. डॉक्टर मुलाशी एकट्याने बोलतील तेव्हा बाहेर बसा आणि नंतर ‘काय काय सांगितलंस?’ म्हणून उलटतपासणी घेऊ नका.

उपचार कसे चालतात

सौम्य प्रकारात आणि प्रसंगामागून आलेल्या उदासीत आधी बोलण्याचे उपचार. त्यात विचार आणि वागणं यांची सांगड तपासणारी सीबीटी ही पद्धत जास्त वापरली जाते, किशोरवयीनांसाठी नातेसंबंधांवर भर देणारी आयपीटीही. मोठ्यांच्या नैराश्यावर गोव्यातच एक महत्त्वाचं काम झालं: प्रशिक्षण घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुग्णांना रोजच्या आवडीच्या आणि उपयोगी कामांकडे हळूहळू परत वळवलं, आणि त्याचा गुण आला. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. घरी मुलाच्या बाबतीतही याच तत्त्वाचा आधार घेता येतो. मूड सुधारला की खेळेल, अशी वाट बघत बसायचं नाही. आधी दहा मिनिटं हालचाल: पाववाल्याकडून उंडे आणणं, कुत्र्याला फिरवणं, घुमटावर एकच आरती. मूड मागून येतो.

मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध लागू शकतं. मुलांमध्ये सगळ्यात जास्त अभ्यासलेलं औषध फ्लुओक्सेटीन. अमेरिकेत आठ वर्षांपासून पुढे त्याला नैराश्यासाठी मान्यता आहे, एस्सिटॅलोप्रॅमला बारापासून. किशोरवयीनांवरच्या २००४च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात औषध आणि सीबीटी दोन्ही एकत्र दिलेल्यांना जास्त फायदा झाला. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणत बंद करू नका. २००४ सालीच तिथल्या औषध प्रशासनाने इशाराही छापायला लावला: सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून पहिल्या महिन्यात दर आठवड्याला भेट किंवा निदान फोन ठरवून घ्या. अस्वस्थता, झोप अजिबात नाही, भलताच उत्साह यांपैकी काही दिसलं तर तारखेची वाट न बघता कळवा. गोळी मुलाच्या हाती न देता तुम्हीच द्या.

घर आणि शाळा

शाळेला सगळं सांगायची गरज नाही. वर्गशिक्षकांना एवढं सांगा की उपचार चालू आहेत, काही आठवडे गृहपाठात सवलत हवी आणि सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नका. शाळा पूर्ण बंद करणं शक्यतो टाळा. रोज दोन तास गेला तरी चालेल, पण जाऊ दे. घरी बसलेल्या मुलाचा परतीचा रस्ता दर आठवड्याला लांबतो. अभ्यासात कायमची अडचण सापडली तर गोवा बोर्डाच्या परीक्षांत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी सवलती आहेत. अर्ज शाळेमार्फत, वेळेत करावा लागतो.

घरी झोपेची वेळ पहिली सावरा, बाकीचं नंतर. रात्री फोन सगळ्यांचेच बाहेरच्या खोलीत, बाबांचाही. पाहुण्यांसमोर आजाराची चर्चा नको. आणि भावंडांकडे लक्ष असू द्या: सगळं घर एकाभोवती फिरत असताना दुसरं मूल गुपचूप शहाणं होऊन बसतं.

बरं वाटू लागलं की औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात. कमी करण्याची वेळ दहावीच्या तोंडावर, शाळा बदलताना किंवा बाबा पुन्हा बोटीवर निघायच्या महिन्यात येत असेल तर ती पुढे ढकलायला सांगा. नैराश्य परत येऊ शकतं, आणि त्याची सुरुवात पुष्कळदा पहिल्या खेपेसारखीच असते. त्या मुलात ती झोपेपासून झाली होती की पोटदुखीपासून, हे नव्या वर्षाच्या कालनिर्णयाच्या पहिल्या पानामागे लिहून ठेवा, आणि तेच चिन्ह आठवडाभर दिसलं की डॉक्टरांना फोन करा.